सात पिवळे कागद

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता दप्तरवाल्या ताईंनी कपाटाचा तिसरा खण ओढला, दोन-चार फायली चाळल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. खरं तर त्या एका कॅप्टनच्या वैद्यकीय दाखल्याची प्रत काढायला गेल्या होत्या. पण तीस वर्षं कागद हाताळलेली ती बोटं. फाईल बारीक झालीय हे त्यांना ती उघडायच्या आधीच कळलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी आम्हा बेचाळीस वैमानिकांच्या सगळ्या फायली पालथ्या घातल्या. सात फायलींमधून एकेक कागद गेला होता. पिवळा. सिम्युलेटरवरच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल, खाली परीक्षकाची आणि वैमानिकाची सही.

त्या सातांत एक मी होते.

आमची कंपनी छोटी. आठ विमानं, सगळी दोन पंख्यांची, तासाभराच्या अंतरावरच्या गावांना जाणारी. मोठ्या कंपन्यांचे लोक आमच्या विमानांना 'टमटम' म्हणतात, आणि आम्हालाही आता त्याचं काही वाटत नाही. राग यायचा तो पगाराचा. जेवढे तास उडाल तेवढेच पैसे. धुकं पडलं की घरी बसा आणि पगारही घरी बसवा. सिम्युलेटरची फीसुद्धा आमच्याच खिशातून. आमच्यातला एक को-पायलट सुट्टीच्या दिवशी टॅक्सी चालवायचा. ज्यांना आदल्या दिवशी उडवलं, त्यांच्यातलेच दोन प्रवासी एकदा त्याच्या टॅक्सीत बसले आणि त्यांनी त्याला ओळखलं. तेव्हापासून तो गाडीत टोपी घालायला लागला. मला तर आधीच्या कंपनीने एका दुपारी फोनवरच्या दोन ओळींनी घरी बसवलं होतं. इथल्या ज्येष्ठतेच्या यादीत मी सगळ्यांत खाली, म्हणून माझं नाव पडलं 'धाकटी'.

दोन वर्षं भांडून आमच्या संघटनेने करार जुळवत आणला होता. पहिला भाग गेल्या महिन्यातच लागू झाला. त्यात एक कलम असं, की कंपनीच्या ताब्यातून कुणाचा प्रशिक्षणाचा कागद हरवला, तर त्याची परीक्षा कंपनीच्या खर्चाने पुन्हा घ्यायची, तोवर त्याने उडायचं नाही, पण पगार चालू आणि ज्येष्ठता शाबूत. दुसऱ्या भागावर येत्या शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या. ठरावीक मासिक पगार. कारणाशिवाय कुणाला काढायचं नाही. आणि आम्ही हट्टाने घालून घेतलेलं एक कलम: सहीच्या दिवसापर्यंतचे प्रशिक्षणाचे सगळे निकाल कायमचे पक्के, ते पुन्हा कुणी उकरायचे नाहीत. कारण याआधी कुणाला काढायचं झालं, की कंपनी पाच-पाच वर्षांपूर्वीचे शेरे शोधून काढायची.

आणि सहीला तीन दिवस उरले असताना सात कागद गायब.

हे कुणी केलं ते आम्हाला लगेच कळलं: मॅनेजरने. मॅनेजरलाही लगेच कळलं: संघटनेने. तासभर दोन्हीकडून आवाज चढले. शेवटी, दोन वर्षांत पहिल्यांदाच, दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं.

"अक्कांना बोलवा."

२

अक्का म्हणजे अपघात-चौकशी खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. वय एकोणसत्तर, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत भिंग आणि खोडरबर. त्यांच्या अहवालांनी कंपन्यांनाही सोलून काढलं होतं आणि वैमानिकांनाही. म्हणून दोघांचाही त्यांच्यावर विश्वास. मला उडायला बंदी होती, तेव्हा त्यांना आणा-पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

"तू त्या सातांतली ना?" गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं.

"हो. आणि ज्याने हे केलंय तो मला सापडला ना, तर..."

"तर काय करशील ते सापडल्यावर ठरव. आता समोर बघून गाडी चालव."

दप्तराच्या खोलीत त्यांनी आधी कपाटाचं कुलूप बघितलं. ओरखडा नाही, वाकवल्याची खूण नाही. भिंग लावून त्यांनी कुलपाच्या तोंडाशी कोरलेला बारीक आकडा वाचला, "पाचशे चौदा," आणि वहीत लिहून घेतला. मग एक फाईल उघडली. माझीच.

"बाकीचं सगळं आहे?"

"परवाना, वैद्यकीय दाखला, जुने निकाल, सगळं जागच्या जागी," दप्तरवाल्या ताई म्हणाल्या. "पिन सोडवून कागद काढला आणि पिन पुन्हा लावून ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी मी कपाट बंद केलं, त्यानंतर मंगळवारीच उघडलं."

"किल्ल्या?"

"तीन. एक माझ्याकडे, एक मॅनेजरांकडे, एक हेडमास्तरांकडे."

ताईंचं स्वतःचं दुखणं निराळं होतं. पुढच्या वर्षी सगळं दप्तर कॉम्प्युटरवर जाणार होतं आणि त्यांची जागा राहील की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. "म्हणून मी कागद लपवले, असं काहीजण म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण बाई, कागद हरवले की पहिलं बोट कुणाकडे दाखवणार? माझ्याकडेच ना? मी स्वतःच्याच पायावर कशाला धोंडा मारून घेऊ?"

मॅनेजरच्या खोलीत तीन फोन होते आणि तिन्ही वाजत होते. "मला सही लांबवायची असती तर मी आजारी पडलो असतो," तो म्हणाला. "किती सोपं! सात वैमानिक एकदम जमिनीवर बसले म्हणजे माझी किती उड्डाणं रद्द होतात, ठाऊक आहे? सकाळपासून मी प्रवाशांच्या शिव्या खातोय."

हेडमास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षणप्रमुख, एक जुने कॅप्टन. त्यांच्यासमोर परीक्षेला बसायचं म्हटलं की पंधरा वर्षं उडवलेल्या माणसाचेही तळहात ओले व्हायचे. ते उभ्यानेच बोलले.

"निकाल कायमचे पक्के करायचं ते कलम मला मान्य नव्हतं, आजही नाही. एकदा पास म्हणजे काय जन्मभर पास? नोकरी टिकावी हे मलाही वाटतं, पण त्यासाठी दर्जावर पांघरूण कशाला? हे मी सगळ्यांच्या तोंडावर सांगितलंय. पण म्हणून मी कागद पळवत नाही. मी कागदावर लाल शाईने लिहितो."

"तुम्ही वर्षभर इथेच होतात?"

"चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर होतो. तेव्हा बाहेरून एक परीक्षक बोलावला होता."

"आता या सातांचं काय करणार?"

"पुन्हा परीक्षा. उद्या आणि परवा. त्यातल्या त्यात नशीब चांगलं. सिम्युलेटर हे दोन दिवस देखभालीसाठी राखून ठेवला होता, पण काम सोमवारीच उरकलं म्हणे. उद्या आठ तास, परवा सहा तास मोकळे आहेत. माणशी दोन तास. उद्या चौघं, परवा तिघं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "धाकटी, तू उद्या सकाळी पहिली."

अक्का काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी डोकं वर न करता विचारलं, "हे सात जण एकमेकांचे कोण लागतात?"

तीन कॅप्टन, चार को-पायलट. कुणी संघटनेत पुढे, कुणी वर्गणीसुद्धा न भरणारा. यादीत एक सगळ्यांत वरचा, एक सगळ्यांत खालची.

"कुणीच नाही," हेडमास्तर म्हणाले.

"कुणीतरी लागतात," अक्का म्हणाल्या. "निवडून घेतलेत ते."

३

सिम्युलेटर एका उंच छपराच्या शेडमध्ये असतो. बाहेरून बघाल तर सहा पायांवर उभी केलेली पांढरी खोली, आत शिरलात तर हुबेहूब आमच्या विमानाचं नाक. त्याची देखभाल बघणाऱ्या मेकॅनिकला सगळे वैद्यबुवा म्हणायचे, कारण यंत्राला हात लावायच्या आधी ते त्याच्यावर तळवा ठेवून डोळे मिटायचे, नाडी बघितल्यासारखे. छप्पन्न वर्षांचा, हळू बोलणारा माणूस. चहा मात्र फक्कड करायचे.

अक्काही माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांच्या चष्म्याची काडी सैल झाली होती.

"बुवा, एखादा बारका स्क्रू-ड्रायव्हर आहे का हो?"

वैद्यबुवांनी कमरेच्या जुडग्यातली किल्ली लावून हत्यारांचं राखाडी कपाट उघडलं आणि स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला. अक्का कपाटापाशीच उभ्या राहून काडी घट्ट करत बसल्या. बराच वेळ लागला त्यांना. मी आत गेले.

हेडमास्तर मागच्या खुर्चीवर. धावपट्टी समोर. वेग वाढला, नाक उचललं, चाकं सुटली, आणि त्याच क्षणी त्यांनी डावं इंजिन बंद केलं.

हा आमच्या परीक्षेतला सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग. डावं इंजिन गेलं की विमान डावीकडे ओढलं जातं. तेव्हा उजवं पेडल पायाने दाबून नाक सरळ धरायचं असतं. चार महिन्यांपूर्वी मला हे इतकं सहज जमलं होतं, की घरी जाऊन मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

या खेपेला मी तसाच सहज पाय टाकला. पेडल हललंच नाही. दगडासारखं. क्षितिज तिरकं झालं, धावपट्टी उजवीकडे निसटली, कानात घंटा वाजायला लागली. मी सगळं अंग टाकून पेडल दाबलं तोवर उशीर झाला होता. पडदा लाल झाला आणि थांबला.



"तू आत्ता मेलीस," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "आणि तुझ्याबरोबर पन्नास माणसं. पुन्हा."

दुसऱ्यांदा मी वाचले, पण वाकडीतिकडी. तिसऱ्यांदा नाक रेषेत राहिलं. पुढच्या तासाभरात त्यांनी माझ्याकडून ते आणखी चार वेळा करून घेतलं. शेवटी मांडी थरथरत होती, पण पाय बरोबर वेळेला बरोबर जोराने जात होता. हेडमास्तरांनी नव्या पिवळ्या कागदावर सही केली.

"गेल्या खेपेला तुला पूर्ण गुण दिलेत म्हणे," ते म्हणाले. "कुणी शिकवलं होतं तुला असा अलगद पाय ठेवायला?"

मी पट्टे सोडले. खाली उतरले तर वैद्यबुवा जिन्यापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "जमलं, मॅडम?"

"जमलं शेवटी."

त्यांनी मान हलवली आणि पाठ फिरवली. मला वाटलं, त्यांनी बाहीने डोळे पुसले.

४

संध्याकाळी अक्कांना आमच्याच घरी चहाला आणलं. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. तो वह्या तपासत बसला होता. सासूबाईंनी अक्कांना आल्या आल्या सांगून टाकलं, "हिची नोकरी टिकेल असं काहीतरी बघा बाई. घरात असली की ही कपाटं आवरते, आणि मग मला काही सापडत नाही."

सासरे बसचे ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं. मी त्यांना सकाळची हकिकत सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"पाय तोच, माणूस तोच, मग जोर वेगळा कसा लागला?"

"विसरले असेन, बाबा."

"ब्रेकचा जोर ड्रायव्हर विसरत नाही गं. आमच्या डेपोत एक गाडी होती, तिचा ब्रेक लोण्यासारखा. तिच्यावर शिकलेली पोरं दुसऱ्या गाडीवर बसली, की सिग्नलच्या पुढे जाऊन थांबायची. पोरांचा दोष नव्हता."

अक्का एकदम ताठ बसल्या. "तुझी उड्डाणाची नोंदवही आण. आणि उरलेल्या सहाही जणांना फोन लाव. गेल्या परीक्षेची तारीख विचार, बाकी काही नको."

मी तारखा विचारत गेले आणि नवरा त्या वहीच्या मागच्या पानावर मांडत गेला. सातवी तारीख लिहिल्यावर त्याने पेन्सिलीने सगळ्यांभोवती गोल काढला. सातही परीक्षा चार महिन्यांपूर्वीच्या एकाच नऊ दिवसांत झाल्या होत्या. हेडमास्तर रजेवर होते तेव्हा. आणि त्या नऊ दिवसांत या सातांखेरीज आणखी कुणाचीही परीक्षा झालेली नव्हती.

"सापडलं नातं," अक्का म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी सिम्युलेटरची बिघाड नोंदवही मागवली. वैद्यबुवांनी ती आणून दिली. अक्कांनी ते पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. वैद्यबुवांचं वळणदार अक्षर: 'उजव्या पेडलला जोर लागत नाही. पायाखाली पोकळ. भाग मागवला आहे. तोवर इंजिन बंद पडण्याचा सराव घेऊ नये.' नऊ दिवसांनी खाली दुसरी नोंद: 'भाग बदलला. पेडल ठीक.'

आणि त्या दोन नोंदींच्या मध्ये, निळ्या शाईत, घाईघाईने लिहिलेले दोनच शब्द. 'चालवून घ्या.' खाली मॅनेजरची सही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे त्यानेच! आपलं बिंग फुटू नये म्हणून कागद गायब केले!"

"बस खाली," अक्का म्हणाल्या. "ज्याला हे लपवायचं होतं, त्याने आधी काय पळवलं असतं?"

मी त्या वहीकडे बघत राहिले.

५

गुरुवारी दुपारी अडीचला सातव्या वैमानिकाची परीक्षा संपली. सातही जण पास झाले, पण पहिल्या फेरीत सातांतले पाच घसरले होते. हेडमास्तर विचारात पडून निघून गेले. शेडमध्ये वैद्यबुवा, अक्का आणि मी, तिघंच उरलो.

"बुवा, जरा बसता का?" अक्का म्हणाल्या. "मला काही गोष्टी जुळवायच्या आहेत. चुकलं तर सांगा."

वैद्यबुवा स्टुलावर बसले.

"कागद नेणाऱ्याला वैमानिकांचं वाईट करायचं असतं, तर त्याने अख्खी फाईल नेली असती. परवाने, दाखले, सगळं. ते नवे काढायला महिने लागतात. याने एकच कागद नेला, दोन तासांत नवा मिळणारा, आणि पिनही पुन्हा लावली. म्हणजे या माणसाला कुणाचं नुकसान करायचं नव्हतं. त्याला फक्त पुन्हा परीक्षा व्हायला हवी होती. सातच जणांची. पोकळ पेडलावर पास झालेल्यांची.

"आता हे पेडलाचं ठाऊक कुणाला? हेडमास्तर रजेवर होते, आणि ही वही त्यांच्याकडे जातच नाही. बाहेरचा परीक्षक आला आणि गेला. दप्तरात नुसते निकाल येतात. उरले दोघं, ज्याने 'चालवून घ्या' लिहिलं तो, आणि ज्याने 'सराव घेऊ नये' लिहिलं तो. पहिल्याने कागद नेले असते तर ही वही जागेवर राहिली नसती. शिवाय नव्याने परीक्षा झाली की पेडलाची गोष्ट बाहेर येणार, ते त्याला कशाला हवंय?

"मग मी सिम्युलेटरच्या वेळांची वही बघितली. इथे वेळ मिळायला महिना-महिना वाट बघावी लागते. आणि कागद हरवले, नेमक्या त्याच आठवड्यात दोन दिवस मोकळे! नशीब म्हणाले हेडमास्तर. पण हे नशीब कुणीतरी दोन आठवडे आधी लिहून ठेवलं होतं. 'देखभाल: बुधवार आठ तास, गुरुवार सहा तास.' मी मागची दोन वर्षं चाळली. देखभाल कायम अख्ख्या दिवसाची असते. ही एकच चौदा तासांची. सात माणसं, प्रत्येकी दोन तास."

वैद्यबुवांनी मान खाली घातली होती.

"राहिली किल्ली," अक्का हलकेच म्हणाल्या. "दप्तरातल्या कपाटाच्या कुलपावर आकडा आहे पाचशे चौदा. काल तुमच्या हत्यारांच्या कपाटापाशी मी चष्मा नीट करत होते, तेव्हा तिथेही तोच आकडा दिसला. दोन्ही कपाटं एकाच खेपेला घेतलेली असणार. एकाची किल्ली दुसऱ्याला लागते. ही कुलपं बनवणारे असे घोळ नेहमी करतात."

 मग वैद्यबुवा उठले, राखाडी कपाट उघडलं, पान्यांच्या खालून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. वर हेडमास्तरांचं नाव. आत सात पिवळे कागद, आणि आठवा पांढरा. राजीनामा.

"उद्या सकाळी द्यायचं होतं," ते म्हणाले. "सातवी परीक्षा झाल्यावर."

"पण सरळ सांगायचं ना, बुवा!" मी म्हणाले. आवाज माझाच चढला होता.

"कुणाला, मॅडम? त्या कागदांवर तुमच्या सह्या आहेत. सराव पूर्ण केला म्हणून. मी तोंड उघडलं असतं तर सह्या खोट्या ठरल्या असत्या. सात जणांचे परवाने लटकले असते, आणि तुमची तर नुकतीच नोकरी लागली होती. म्हणून गप्प बसलो. म्हटलं, सहा महिन्यांनी पुढची परीक्षा येईलच. पण मग सूचना फलकावर कराराचा मसुदा लागला. मी तो तीनदा वाचला. शुक्रवारनंतर ते निकाल कायमचे पक्के. कुणी विचारायचंसुद्धा नाही. आणि त्याच कागदावर वर लिहिलेलं, हरवला तर पुन्हा परीक्षा, पगार चालू, कुणावर ठपका नाही." त्यांनी हात चोळले. "माझी बायको दर महिन्याला तिच्या आईकडे जाते, तुमच्याच विमानाने. मी सोडायला येतो. ती शिडी चढताना हात हलवते, आणि मी तिच्याकडे बघायचं सोडून आज कॅप्टन कोण, को-पायलट कोण, ते शोधत असतो. त्या सातांतलं कुणी आहे का म्हणून. चार महिने हेच चाललंय."

तो सापडल्यावर काय करणार, हे मी मंगळवारी गाडीत सांगत होते. आता तो समोर होता. मी पाकीट बंद केलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. काल पडदा लाल झाला होता. विमानात तो लाल होऊन थांबला नसता.

"अक्का, हे अहवालात लिहायलाच हवं का?"

"लिहायला हवं," अक्का म्हणाल्या.

६

शुक्रवारी अकरा वाजता मोठ्या टेबलाभोवती सगळे जमले. अक्कांनी जे आम्हाला सांगितलं होतं तेच वाचून दाखवलं, एकही शब्द गाळला नाही. 'चालवून घ्या'सुद्धा. मॅनेजरचा चेहरा उतरला.

हेडमास्तरांना ती वही तेव्हाच पहिल्यांदा दिसली. मला वाटलं, आता ओरडतील. ते इतकंच म्हणाले, "आणि मी रजेवरून आल्यावर विचारलंसुद्धा नाही."

यादीतले सगळ्यांत वरचे कॅप्टन, सातांपैकीच एक, घसा खाकरून बोलले. "पेडल हलकं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. एकवीस वर्षं उडवतोय, न कळायला काय झालं? पण परीक्षा पुन्हा द्यायची म्हणजे फी पुन्हा भरायची, आणि चार उड्डाणं बुडवायची. गप्प बसलो."

"मी सुद्धा तेच केलं," मॅनेजर म्हणाला. तो कुणाकडे बघत नव्हता. "सिम्युलेटर नऊ दिवस बंद ठेवला असता तर या सातांच्या मुदती संपल्या असत्या आणि विमानं उभी राहिली असती. मी नऊ दिवस ढकलले." मग त्याने आवाज सावरला. "ते माझ्या नावावर लिहा. पण कुलूपबंद कपाट उघडून कागद नेले, हे कुठल्याही कंपनीत चालत नाही. हा माणूस उद्यापासून नको. तो वैमानिक नाही, करार त्याला लागू होत नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. दोन वर्षं आम्ही नोकरीच्या सुरक्षेवर भांडलो, पण ती फक्त आमच्या नोकरीची. सिम्युलेटर चालवणाऱ्या एकट्या माणसाचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

सह्यांचा कागद टेबलाच्या मधोमध होता. माझ्यासाठी त्यात सगळं होतं: पावसाळी ढगांतही मिळणारा पगार, दोन ओळींच्या निरोपाने न जाणारी नोकरी. तरी मी उभी राहिले.

"मग मी यावर सही करणार नाही," मी म्हणाले. "बुधवारी सकाळी मला खरं पेडल कसं लागतं ते कळलं. ते यांच्यामुळे."

वरचे कॅप्टन माझ्या पाठोपाठ उठले. मग टॅक्सीवाला, तोही सातांतलाच. एकेक करून सातही जण उभे राहिले, आणि गंमत म्हणजे आठवे उभे राहिले ते हेडमास्तर.

"मसुदा इकडे द्या," ते म्हणाले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि 'निकाल कायमचे पक्के' या ओळीवर काट मारली. "याच्याऐवजी लिहा. यंत्रात दोष असताना झालेली परीक्षा ग्राह्य धरायची नाही. ती पुन्हा घ्यायची, कंपनीच्या खर्चाने, वैमानिकावर ठपका न ठेवता. इतर जुने निकाल उकरायचे नाहीत. आणि सिम्युलेटर बंद ठेवायचा अधिकार मेकॅनिकचा. त्याने बंद म्हटलं की बंद. त्यासाठी त्याला कुणी काढायचं नाही."

"म्हणजे शेवटी तुम्ही माझं कलम खोडलंतच," संघटनेचा अध्यक्ष म्हणाला.

"अर्धंच खोडलं. उरलेलं अर्धं मलाही पटलं."

मॅनेजरने त्या लाल ओळी पुन्हा वाचल्या. अक्कांनी त्याच्यापुढे आपला अहवाल सरकवला. "शेवटचं पान कोरं आहे," त्या म्हणाल्या. "दोष दूर करायला कंपनीने काय केलं, हे तिथे लिहायचं असतं. काहीतरी लिहायला मिळालं तर बरं."

त्याने पेन उचललं.

वैद्यबुवांना एक लेखी ताकीद मिळाली, दुसऱ्याचं कपाट उघडल्याबद्दल. अक्कांनीच तसा आग्रह धरला. ती घेताना वैद्यबुवांना भलतंच हलकं वाटलेलं दिसलं. राजीनामा हेडमास्तरांनी फाडून टाकला. मॅनेजरच्या नावावर एक शेरा आला, आणि त्याने तो निमूटपणे घेतला. दप्तरवाल्या ताईंना कॉम्प्युटरवरच्या दप्तराचं काम शिकायला पाठवलं. परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते कपाटाचं कुलूप बदलायचं. सह्या संध्याकाळी साडेचारला झाल्या. माझी सगळ्यांत शेवटी, यादीत होते तिथेच.

तीन महिन्यांनी हेडमास्तरांची स्वतःची परीक्षा होती. परीक्षक बाहेरचे, मोठे गृहस्थ, घड्याळाकडे बघत बोलणारे. माझ्या सरावाची वेळ त्यांच्यानंतरची, म्हणून मी शेडमध्येच होते. हेडमास्तर बसले, पट्टे बांधले, इंजिनं सुरू झाली, आणि वैद्यबुवा दार उघडून आत डोकावले.

"उतरा. पडद्याच्या कडेला चित्र थरथरतंय. आज बंद."

"एवढ्याशा कारणासाठी?" परीक्षक म्हणाले. "मला चारचं विमान गाठायचंय!"

हेडमास्तरांनी एका शब्दानेही वाद घातला नाही. पट्टा सोडला आणि खाली आले. आम्ही दोघं शेडच्या पायरीवर उन्हात बसलो. पगाराचा दिवस होता, आणि त्या आठवड्यात धुक्याने तीन उड्डाणं रद्द झाली होती, तरी मला त्याची आठवणही नव्हती. हेडमास्तरांनी बूट काढले, पाय लांब केले आणि पहिल्यांदाच माझ्या घरच्यांची चौकशी केली. मी सासऱ्यांच्या बसच्या गोष्टी सांगत बसले. ते मोठ्याने हसत होते.

आतून वैद्यबुवांचा आवाज आला, "अजून तासभर तरी लागेल!"

"होऊ दे निवांत!" हेडमास्तर ओरडले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, मग? त्या गाडीचं पुढे काय झालं?"